बॅगेत काय आहे, ते माहीत आहे का?

१२ जानेवारी, रविवार

माळ्यावरून मोठ्या बॅगा काढताना ही डायरी सापडली. २०१९ ची. मुकुंदच्या कंपनीला स्प्रिंगा पुरवणाऱ्या कुणीतरी दिलेली, कोरी करकरीत. टाकवेना. तारखा चालतील, वार तेवढे खोडून लिहायचे. या पानावर शनिवार छापलाय, आज रविवार आहे.

डायरीत मी नवऱ्याला मुकुंदच म्हणणार, तेही एकेरी. सदतीस वर्षं 'अहो' म्हणतेय. इथे कोण ऐकायला बसलंय.

तर बातमी अशी की आमचा व्हिसा आला. मधूला, म्हणजे मधुवंतीला, सातवा महिना लागलाय. ऑकलंडला जाऊन पाच वर्षं झाली तिला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघायचं, तीन महिने राहायचं, बाळंतपण करून परत सांगवीला. संध्याकाळी तिचा फोन आला तो अभिनंदनाचा नव्हता, तंबी देण्याचा होता. न्यूझीलंड म्हणजे बेट. बाहेरची कीड, बी-बियाणं आत शिरलं तर त्यांच्या शेतीची, पाखरांची, सगळ्यांची वाट लागते. म्हणून विमानतळावर खाण्याच्या प्रत्येक वस्तूची चौकशी होते. मध नाही, फळ नाही, बी नाही, बुटाला लागलेली मातीसुद्धा नाही.

"आई, मुख्य नियम नीट ऐक," मधू म्हणाली. "जे आणलंय ते आधी सांगून टाकायचं. सांगितलंस तर फार तर काढून घेतील. लपवलंस आणि सापडलं, तर जागेवर चारशे डॉलर दंड."

मुकुंद शेजारी बसून ऐकत होता. "म्हणजे आपलं इनकमिंग इन्स्पेक्शन," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याचा असा उजळ आवाज ऐकला नव्हता.

रिटायर होईपर्यंत चौतीस वर्षं त्यानं हेच केलं, आधी भोसरीला आणि कंपनी हलली तशी चाकणला. बाहेरून आलेला माल गेटाशी मोजायचा. चांगला असेल त्याला हिरवा टॅग, वाईटाला लाल, आणि शंका असेल तर पिवळा, म्हणजे निर्णय बाकी. आणखी एक प्रकार असतो. माल मापात बसत नाही, पण दोष ठाऊक असून चालवून घेता येतो. त्याला 'डेव्हिएशनखाली मंजूर' म्हणतात. ती सही इन्स्पेक्टरची चालत नाही, गिऱ्हाइकाची लागते, आणि किती मुदतीसाठी तेही लिहावं लागतं. लग्नानंतरची माझी पहिली पोळी श्रीलंकेच्या आकाराची झाली होती. सासूबाई काही बोलायच्या आत मुकुंद म्हणाला, "डेव्हिएशनखाली मंजूर." तेव्हापासून आमच्या घरात करपलेली भाजी, उसवलेली उशी, माझा राग, सगळं याच सहीवर चालतं.

२० जानेवारी, सोमवार

मुकुंदनं नियमांची छापील पानं काढून आणली आणि अभ्यासाला बसला. बोर्डाच्या परीक्षेलाही कुणी इतकं वाचत नाही. मग बाल्कनीत बसून जुन्या टूथब्रशनं बरोबर न्यायचे बूट घासले. खाचाखाचांतली माती टाचणीनं काढली.

जेवण झाल्यावर परत घासले. चारच्या चहाला मी बाल्कनीत गेले, तर पुन्हा बादली, पुन्हा ब्रश.

"अहो, तिसऱ्यांदा?"

तो बुटांकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "शंभर टक्के तपासणी."

शिस्त असावी तर अशी. बूट मात्र अजून ओलेच आहेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज माझी घाबरगुंडी उडाली होती. शेवट बरा झाला.

मुकुंद सकाळी सहाला नदीकाठी फिरायला गेला. साडेसातला परततो. साडेआठ झाले, नऊ झाले, पत्ता नाही. फोन घरीच टेबलावर. मी तळमजल्यावरच्या कुसुमताईंना घेऊन पुलापर्यंत जाऊन आले. साडेनऊला फोन वाजला. उद्धवराव. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत, मूळचे चाकणचेच.

"वहिनी, काळजी करू नका. सायेब हितं आल्यात. कंपनीत."

झालं असं की कंपनीची बस नेहमीच्या स्टॉपवर थांबली आणि मुकुंद चढला. ड्रायव्हर जुना. त्याला वाटलं, साहेबांचं काही काम असेल.

मी रिक्षानं चाकण गाठलं. मुकुंद आपल्या जुन्या टेबलाशी बसला होता, भोवती चार-पाच पोरं. हातात एक भाग घेऊन भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "बर आहे इथे," म्हणाला. बर म्हणजे कापताना कडेला राहिलेली बारीक धार. पोरांनी भिंगाखाली धरलं, तर खरंच होती. पास झालेला अख्खा ट्रे परत गेला. मला इतका अभिमान वाटला.

निघताना उद्धवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांनी गेटावर इचारलं, माझं कार्ड का चालंना. वहिनी, एकट्याला नका सोडत जाऊ."

"रिटायर झालेत ते, लहान नाहीत," मी म्हणाले. जरा जोरातच.

"व्हय," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले. मग टॅगांची तीन बंडलं माझ्या हातात दिली, हिरवं, पिवळं, लाल. "सायबांनी मागितली व्हती. परदेशी सामान न्यायचंय म्हनं."

माझं मला कळलं काय झालं ते. काल लिहायला म्हणून काढलेली ही डायरी मी टेबलावर उघडीच ठेवली. वर ठळक अक्षरांत २०१९. सकाळी उठल्या उठल्या माणसानं ते वाचलं, तर गोंधळ होणारच. चूक माझी आहे. आजपासून डायरी कपाटात, साड्यांच्या खाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घराचं गोडाऊन झालंय. न्यायच्या प्रत्येक वस्तूला टॅग, दोऱ्यानं गाठ मारून. गोडा मसाला, कंपनीचं पाकीट, हिरवा. मेतकूट, घरचं, पिवळा, 'विचारणे'. मध, लाल. टॅगवर रकाने छापलेले आहेत, वस्तू, संख्या, दोष, निर्णय, मुदत, सही, आणि मुकुंद ते सगळे भरतो. शेवयांच्या दोषाच्या रकान्यात 'नाही' लिहून खाली सही ठोकली आहे.

इथवर ठीक. आज बघते तर गॅसच्या बटणाला टॅग, 'बंद केला का बघणे'. दाराच्या कडीला, 'किल्ली खिशात'. फोनच्या चार्जरला, 'फोन बरोबर नेणे'. गोळ्यांच्या डबीवर, 'सकाळी, चहानंतर. घेतल्यावर खूण.'

"हे घरसुद्धा न्यूझीलंडला न्यायचंय का?" मी विचारलं.

"सवय राहते हाताला," तो म्हणाला.

कुसुमताई हसून हसून बेजार झाल्या. मीही हसले. एकेकाला एकेक नाद असतो. त्यांचे यजमान दिवसभर मोबाईलवर पत्ते खेळतात. आमचा बरा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर न्यायच्या तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. म्हणून डॉ. साधनांकडे गेलो. वीस वर्षांची ओळख. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, आज वार कोणता?"

"शनिवार," मी म्हणाले.

"काकू, मी काकांना विचारलं."

"अहो, रिटायर माणसाला सगळे वार रविवारच," मुकुंद म्हणाला. सगळे हसलो. डॉक्टर जरा कमी हसल्या. मग त्यांनी त्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि इकडचं तिकडचं बोलून पाच मिनिटांनी परत विचारले. काय पोरखेळ. त्याला एक आठवला.

मला म्हणाल्या, "एकदा सविस्तर तपासून घेऊ. जायच्या आधी जमलं तर बरं."

"परत आल्यावर," मी म्हणाले. "मधूची वेळ जवळ आलीये. आता नसते घोर नकोत तिला."

येताना मुकुंद रिक्षात डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी घालत होता, उलगडत होता. कुठं काही बिघडलं की माझी एक युक्ती आहे, मी त्याला कंपनीच्या गोष्टी विचारते. आज सांगायला लागला, तो घरी येईपर्यंत थांबला नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या मालाचे आकडे तोंडपाठ. ज्याला इतकं आठवतं, त्याला काय झालंय? डॉक्टरांना काय, शंका घ्यायला हवीच.

२ मार्च, रविवार

आज मधूशी वाजलं. विषय बाळगुटी.

मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, हिरडा, जायफळ, खारीक, सगळं मी आणून ठेवलं होतं. शिवाय सासूबाईंची तळहाताएवढी दगडी सहाण. मधूला याच सहाणेवर गुटी उगाळून दिली. व्हिडिओ कॉलवर मधू म्हणाली, "आई, इथे सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देत नाहीत. गुटी आणू नकोस. आणि त्यातलं निम्मं तरी ते एअरपोर्टवरच काढून घेतील." वर जावयानंही, अवधूतनंही, पाठीमागून मान हलवली.

राग आला. कुसुमताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, बुटात घाल मोज्यात गुंडाळून. आमच्या योगिनीकडे मी अख्खं लोणचं नेलं. कोण बघतंय?" त्यांची योगिनी दुबईला असते. दुबईला सगळंच चालत असेल.

मला गुटी का न्यायची आहे, ते इथे लिहायला हरकत नाही. मधू लहान असताना गुटी मी उगाळत नसे, मुकुंद उगाळायचा. पहिल्या पाळीवरून यायचा, हात धुवायचा आणि सहाण घेऊन बसायचा. प्रत्येक मुळीचे वेढे मोजून. माझ्या हातचं माप त्याला पटायचं नाही. आज मी मुद्दाम विचारलं, "वेखंडाचे वेढे किती हो?"

"दोन. मुरडशेंगेचा एक. हिरड्याचे दोन. जायफळाचा अर्धाच, नाहीतर पोर गुंगतं," त्यानं उत्तर दिलं, क्षणभरही न थांबता. आणि बोलता बोलता त्याचा हात मांडीवर गोल फिरत होता.

तिथे मला मधूचं करायचं आहे, अवधूतला नोकरी आहे. मुकुंदनं तीन महिने काय करायचं? खिडकीत बसून राहायचं? त्याच्या हाताला काहीतरी हवं. एवढंच माझं म्हणणं आहे.

७ मार्च, शुक्रवार

बॅगा भरून झाल्या. मुकुंदनं यादी केली, तेवीस ओळींची, इंग्रजीत, माझ्याकडून स्पेलिंगं तपासून. शाळेच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं काढली त्याचा उपयोग. शेवटी त्यानं सही केली, बॅगांना कुलपं लावली आणि आंघोळीला गेला.

मी किल्ली घेतली, त्याची बॅग उघडली, आणि घासून घासून पांढऱ्या पडलेल्या त्या बुटांच्या जोडीतल्या डाव्या बुटात, मोज्याच्या आत, गुटीची पुरचुंडी आणि सहाण घातली. माझ्या बॅगेत जागा नव्हती.

खरं सांगायचं तर जागा होती. पण माझी बॅग मधू आल्या आल्या उघडणार, वडिलांची नाही.

९ मार्च, रविवार

संध्याकाळी गाडी येईल मुंबईला न्यायला. निघायच्या आधीच्या चोवीस तासांत तिथला फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, फुकट आहे. सकाळीच मोबाईल घेऊन बसलो. मी वाचत होते, तो यादी हातात धरून उत्तरं देत होता. खाद्यपदार्थ? होय. औषधं? होय, चिठ्ठीसह. महिन्याभरात रानात, शेतात गेला होता का? नाही.

मग एक प्रश्न आला. तुमच्या बॅगेत काय आहे, ते तुम्हांला माहीत आहे का?

चोराच्या मनात चांदणं. मी पटकन 'होय' दाबलं.

मुकुंदनं चष्मा काढला. "परत वाच."

मी परत वाचला. तो बराच वेळ यादी बघत बसला. "तू होय केलंस?"

"मग काय नाही करायचं? आपणच तर भरल्यात."

"मी सही केली नसती," तो म्हणाला. मला वाटलं, त्याला बुटाचं कळलं. पण तो बुटाबद्दल काही बोलला नाही. उठला आणि गॅसचं बटण बघून आला. थोड्या वेळानं परत बघून आला.

१२ मार्च, बुधवार, ऑकलंड

पोचलो काल. काल लिहिण्याइतकी शुद्ध नव्हती. आज सगळं लिहून काढते. हे मलाच लक्षात ठेवायचं आहे.

सिंगापूरला विमान बदललं. तिथे मुकुंदनं मला चार वेळा विचारलं, आपण कुठे चाललोय. चार वेळा सांगितलं, मधूकडे. प्रत्येक वेळी त्याला तितकाच आनंद झाला. मी शेजारच्या बाईंना म्हणाले, झोप नाही झालेली त्यांची.

ऑकलंडला पासपोर्टचं काम भराभर झालं. बॅगा घेतल्या. पुढे लांब रांग. एक छोटंसं कुत्रं पट्टा घालून सगळ्यांच्या सामानाला नाक लावत फिरत होतं. "सॅम्पलिंग," मुकुंद कौतुकानं म्हणाला. भिंतीशी एक पेटी होती, नको असलेलं सामान मुकाट्यानं टाकून द्यायला. तिच्यावर लिहिलेलं मी तीनदा वाचलं. पण बॅग उघडायची तर त्याच्यासमोर उघडायला हवी. हात दाखवून अवलक्षण. नाही उघडली.

आमचा नंबर आला. काउंटरला एक पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा साखळीला बांधलेला. मुकुंदनं यादी पुढे केली. त्यांनी पिशवीतले टॅग लावलेले पुडे पाहिले आणि चष्मा नाकावर चढवला.

"हे कुणी केलं?"

"मी," मुकुंद म्हणाला. "इनकमिंग इन्स्पेक्शन. चौतीस वर्षं."

बाईंनी एकेक ओळ तपासली. पिवळ्या टॅगातलं मेतकूट वास घेऊन बाजूला ठेवलं, मग सहकाऱ्याला विचारून परत दिलं. त्या खूश होत्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "यादीत नसलेलं आणखी काही? बॅगांमध्ये काय काय आहे, ते तुम्हांला सगळं माहीत आहे ना?"

"येस, येस," मी म्हणाले.

मुकुंदनं हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा. आणि हळूहळू, एकेक शब्द जुळवत, इंग्रजीत बोलला.

"मॅडम, यादी बरोबर आहे. पण मी खात्री देऊ शकत नाही. मला विसरायला होतं. वर्ष होत आलं. एकदा मी जुन्या नोकरीवर गेलो आणि मला कळलंही नाही. मी बॅगेत काही ठेवलं असेल आणि विसरलो असेन. कृपा करून माझी बॅग उघडून बघा." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "माझ्या पत्नीला हे माहीत नाही."

मी हातभर अंतरावर उभी होते.

त्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि बॅग पट्ट्याकडे सरकवली, मशीनमधून जायला. मला एकच दिसलं. आता डाव्या बुटात ते सापडणार. आणि तो म्हणणार, मीच ठेवलं असेल, मी विसरलो. मी गप्प बसले, तर त्याला ते कायमचं खरं वाटेल. जे त्यानं केलंच नाही, ते विसरल्याचा दोष तो मरेपर्यंत वाहील.

"मुकुंद, थांब," मी म्हणाले.

तोंडावर नावानं मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली. तो थांबला. बाईही थांबल्या.

"मॅडम, त्यांच्या डाव्या बुटात एक पुडी आहे. त्यांनी ठेवलेली नाही. यादी पूर्ण झाल्यावर मी ठेवली. त्यांना ठाऊक नाही. ते काही विसरलेले नाहीत." आणि मराठीत त्याला म्हणाले, "ऐकलंत ना? तुम्ही नाही विसरलात. मी लपवलं."

बूट निघाला, मोजा निघाला, वेखंडाचा उग्र वास काउंटरभर पसरला. मी सांगितलं, बाळासाठी आहे, आजीचं औषध. बाईंनी मुळ्या एकेक करून पिशवीत घातल्या. त्या मिळणार नाहीत म्हणाल्या. दंड करायचा अधिकार त्यांना होता, पण बॅग मशीनमध्ये जायच्या आधी आपणहून सांगितलं, म्हणून या वेळी लेखी ताकीद देऊन सोडते, असं त्यांनी सांगितलं. सहाण आत नेऊन धुतली, पुसली आणि परत आणून मुकुंदच्या हातात दिली. "सर, बॅग उघडा म्हणालात ते योग्यच केलंत," असंही म्हणाल्या.

बाहेर पडायच्या दाराआधी एक बाक होता. तो बसला, म्हणून मीही बसले. सहाण त्याच्या मांडीवर.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"कंपनीची बस. नाही, त्याच्याही आधी." हे मी तोंडानं म्हणाले तेव्हा मलाच ऐकू आलं. "तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो असतो, तर तू मला सोडून इकडे आली नसतीस. बाळंतपणाला मधूजवळ तू हवीस." मग म्हणाला, "आणि तू?"

"बोलले असते, तर खरं झालं असतं."

तो माझा हात धरून बसला. चार माणसांत त्यानं माझा हात कधी धरला नव्हता. माणसं बॅगा ढकलत पुढून जात होती. मला रडू आलं आणि मी रडले.

"मधूला सांगायचं," तो म्हणाला.

"घरी गेल्यावर. दोन दिवसांनी. तिची ही अवस्था."

"नाही. दारातच. नियम तोच."

आणि दाराबाहेर, एवढं मोठं पोट घेऊन उभ्या असलेल्या पोरीला त्यानं ट्रॉलीशीच सांगितलं. मधूनं त्याचा मफलर नीट केला. "बाबा, मला माहीत आहे. एका फोनमध्ये तुम्ही तीनदा विचारता, तिकडे थंडी आहे का. मीच आईला विचारायला घाबरत होते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, गुटी आणलीस ना?"

"आणली होती," मी म्हणाले.

२५ मार्च, मंगळवार

काल पहाटे मुलगी झाली. सव्वातीन किलो. नाक अवधूतचं, बाकी आमचं.

बाळाला हातात घ्यायच्या आधी मुकुंदनं हात कोपरापर्यंत धुतले. मग मांडीवर घेऊन प्रत्येक बोट मोजलं, हाताची दहा, पायाची दहा. नर्स हसली. "ओके," त्यानं तिला सांगितलं. दुपारी परत मोजली. संध्याकाळी परत. आता मी अडवत नाही.

अवधूतनं इथल्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. डॉ. साधनांनाही फोन केला. "बरं झालं सांगितलंत, काकू," एवढंच म्हणाल्या.

३० मार्च, रविवार

आज पाडवा. गुढीला कडुलिंब मिळाला नाही. अवधूतनं काठी, माझी साडी आणि स्टीलचा तांब्या यांवर भागवलं. मुकुंदनं सहाणेवर गंध उगाळलं. मोजून सात वेढे.

दुपारी मधू आणि बाळ निजल्यावर मी पासपोर्ट कपाटात ठेवत होते. मुकुंदच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये घडी केलेलं काहीतरी जाड लागलं. पिवळा टॅग, तारीख ५ फेब्रुवारी. बसमध्ये चढून चाकणला गेला त्या दिवसाची. उद्धवरावांनी दिलेल्या बंडलातला त्यानं पहिला टॅग स्वतःवर खर्च केला होता.

वस्तू : मुकुंद. संख्या : १. दोष : विसरतो. निर्णय, मुदत, सही हे तिन्ही रकाने कोरे.

दोन महिने हे बाळगून तो हिंडत होता. गॅसचं बटण बघत होता, बूट घासत होता, मला हसवत होता. आणि मी त्याच्या टॅगांची कुसुमताईंबरोबर थट्टा करत होते. फार वाईट वाटलं. पलंगावर बसून राहिले.

मग पेन घेतलं. निर्णयाच्या रकान्यात लिहिलं, 'डेव्हिएशनखाली मंजूर'. मुदतीच्या रकान्याशी जरा थांबले. लिहिलं, 'आहे तोवर'. खाली सही केली, शैला, आणि पुढे 'गिऱ्हाईक'.

बाहेर जाऊन टॅग त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला. वरून खालपर्यंत वाचला, परत वरून वाचला. मग त्यानं कागदावर बोट ठेवलं.

"तारीख राहिली. तारखेशिवाय सही चालत नाही."

"घाला तुम्ही."

त्यानं पेन घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आज काय तारीख?"

"तीस मार्च."

त्यानं लिहिलं. "साल?"

"दोन हजार पंचवीस."

तेही लिहिलं. टॅग शर्टाच्या खिशात ठेवला, आत बाळ कुरकुरायला लागलं तसा उठला, आणि हात धुवायला गेला.